घंटागाडी नेत नाही तो कचरा जातो कुठे? जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांमध्ये शेजाऱ्यांनी मिळून भंगार गोळा करायचं गणित

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या मोठ्या गावांत आता सकाळी घंटागाडी फिरते. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव, आळेफाटा, जुन्नर शहर अशा ठिकाणी ओला-सुका कचरा नेण्याची कमी-अधिक सोय असते. पण या दोन तालुक्यांतली वस्ती गावठाणात मावत नाही. निम्मं गाव शेतात, म्हणजे मळ्यात राहतं. मळ्याकडे जाणारा रस्ता उसातून, ओढ्यावरून आणि चारीच्या कडेने जातो, आणि गाडी सहसा डांबर संपतं तिथूनच वळते. शिवाय गाडी दारापर्यंत आली तरी ती सगळंच घेत नाही. मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, बंद पडलेला मिक्सर, ट्यूबलाइट, बॅटरी, फाटके कपडे, काचा आणि पॅकिंगचा थर्माकोल या वस्तू तिच्या हिशेबात नसतात.

मग हा माल बांधावर जळतो, ओढ्यात जातो किंवा गोठ्यामागे वर्षानुवर्षं पडून राहतो. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन त्याला वाट करून देणं शक्य आहे. मात्र त्यासाठी लोकांनी स्वच्छतेची शपथ घेऊन भागत नाही. माल घेणारा कोण आणि किती माल जमल्यावर तो येईल, हे आधी कळावं लागतं.

मागे उरतं ते काय?

घरातल्या टाकाऊ वस्तूंचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकाराला भंगारवाला स्वतःहून पैसे देतो: लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, पुठ्ठा, रद्दी, फुटके क्रेट, पाण्याच्या टाकीचे तुकडे, पीव्हीसी पाइप, चारचाकीची बॅटरी. याची चिंता करायला नको, त्याची साखळी आधीपासून चालू आहे. दुसरा प्रकार ओला कचरा. मळ्यात त्याला उकिरडा, गांडूळखताचा हौद किंवा जनावरं आहेत.

अडतं ते तिसऱ्या प्रकारापाशी. या मालाला किंमत असते, पण फार थोडी, किंवा ती मोठ्या प्रमाणावर जमल्यावरच मिळते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, खताच्या गोण्यांच्या आतलं पातळ अस्तर, मल्चिंग पेपर आणि वेफर्सची चकचकीत पाकिटं या गटात येतात. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. हे थर सहजी सुटे होत नाहीत, म्हणून त्यातून नवं प्लास्टिक बनवणं परवडत नाही. ती बहुतांशी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात किंवा तेल काढणाऱ्या कारखान्यात. दोन्ही ठिकाणं दूर असतात आणि तिथे किलोने नव्हे, टनाने माल लागतो.

पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांमध्ये ही अडचण आणखी ठळक होते. भीमाशंकर किंवा नाणेघाटाकडच्या वाडीत पाच रुपयांचं पाकीट पोहोचतं, कारण ते नेणाऱ्याला नफा असतो. रिकामं पाकीट परत आणणाऱ्याला काहीच मिळत नाही. जुन्नर २०१८ साली राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पावसाळी पर्यटकांच्या पाण्याच्या बाटल्यांची भर आता त्यात पडली आहे. बाटल्या तरी भंगारात विकल्या जातात, पाकिटं तिथेच राहतात.

दूध जमतं, मग पाकिटं का नाही?

या दोन्ही तालुक्यांत जवळपास प्रत्येक गावात दूध संकलन केंद्र आहे. एखाद्या घरी दोन लिटर दूध असेल तर त्यासाठी कुठलाही टँकर येणार नाही. पण पन्नास घरांचं दूध ठरलेल्या वेळी एका ठिकाणी येतं, मापलं जातं, फॅट तपासली जाते, वहीत नोंद होते आणि मग टँकर येतो. दुधाला भाव मिळतो तो या जमवाजमवीमुळे. दूध पातळ निघालं तर परत पाठवलं जातं, त्याबद्दल कुणी रुसत नाही.

घंटागाडी न नेणाऱ्या मालाचं गणित नेमकं हेच आहे. एका घरात महिन्याला दुधाच्या तीस-चाळीस पिशव्या निघतात. त्यांचं वजन इतकं कमी भरतं की भंगारवाला काटाही काढत नाही. चाळीस घरांच्या धुतलेल्या, वाळलेल्या पिशव्या तीन महिने साठवल्या तर त्याचं पोतं होतं आणि पोत्याला गिऱ्हाईक असतं. मुंबईचे डबेवाले मूळचे खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातले. घरोघरून गोळा करणं, स्टेशनवर वेगळं करणं आणि खुणेवरून योग्य ठिकाणी पोहोचवणं या कामात या मुलखाला कुणी शिकवण्याची गरज नाही. फरक इतकाच की डब्याला वाट पाहणारा मालक असतो, कचऱ्याला तो शोधावा लागतो.

मल्चिंग पेपरचा हिशेब

या भागात सर्वाधिक वजनाचा आणि सर्वात दुर्लक्षित माल म्हणजे मल्चिंग पेपर. नाव पेपर असलं तरी ते पॉलिइथिलीन, म्हणजे प्लास्टिकच आहे. टोमॅटो, मिरची, कलिंगड, काकडी या पिकांत तण रोखायला आणि ओल टिकवायला तो अंथरतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे माल पाठवणाऱ्या गावांत पेपर न अंथरलेला प्लॉट शोधावा लागतो.

एका एकरात तो किती लागतो, हे साध्या गुणाकाराने काढता येतं. दोन बेडमधलं अंतर ५ फूट धरलं तर एकरात सुमारे २,६५० ते २,७०० मीटर लांबीच्या ओळी होतात. ४ फूट रुंदीचा, २५ मायक्रॉन जाडीचा पेपर धरला तर त्याचं वजन सुमारे ७५ किलो भरतं. ३० मायक्रॉनचा घेतला तर ९० किलोच्या आसपास. म्हणजे एखाद्या मळ्यात मिळून २० एकरांवर मल्चिंग असेल, तर एका हंगामाअखेर दीड टन प्लास्टिक निघतं. घरातल्या पिशव्या आणि पाकिटं वर्षभर जमवूनही त्याच्या जवळ जात नाहीत.

हा दीड टन बहुतेकदा बांधावर पेटवला जातो, कारण काढलेला पेपर कुणी घेत नाही. घेत नाही त्याला मुख्य कारण माती. ओल्या रानातून ओढून काढलेल्या पेपरला चिकटलेली माती आणि पाणी कधी कधी पेपरच्या वजनाइतकं असतं. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने किलोमागे पैसे द्यायचे आणि अर्ध्या मातीचे द्यायचे, असा तो सौदा होतो. त्याच्या यंत्राच्या पात्यांनाही माती खाते.

म्हणून पेपर काढण्याची पद्धत हाच संकलनाचा पहिला टप्पा आहे. पाणी तोडून रान वाळू द्यावं, झाडं आणि सुतळ्या आधी काढाव्यात, पेपरच्या कडेची माती कुदळीने मोकळी करावी आणि मग तो एका टोकाकडून गुंडाळत न्यावा. ट्रॅक्टरने ओढून काढला तर तो फाटतो, तुकडे जमिनीत राहतात आणि पुढच्या नांगरटीत ते आणखी बारीक होतात. काढलेला पेपर एक-दोन दिवस कडक उन्हात पसरून झटकला की बरीच माती गळून पडते. पावसाळ्यात संपणाऱ्या प्लॉटला हे जमत नाही, तिथे उघडीप मिळेपर्यंत पेपर कोरड्या जागी टाकून थांबावं लागतं. अति पातळ पेपर स्वस्त पडतो पण अखंड निघत नाही. खरेदी करतानाच जाडी पाहिली तर हंगामाअखेरचा त्रास कमी होतो, ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते.

ठिबकच्या नळ्यांना त्या मानाने मागणी असते. त्यांचे भेंडोळे करून, लोखंडी तार आणि जोडण्या काढून ठेवल्या तर त्या पेपरसोबत जाऊ शकतात.

औषधाच्या बाटल्या घरच्या भंगारात नकोत

कीटकनाशकाची रिकामी बाटली दिसायला चांगल्या, जाड प्लास्टिकची असते. म्हणूनच ती धोकादायक. कुणीतरी ती धुऊन तेल, रॉकेल, अगदी पिण्याचं पाणी भरायला वापरतं. भंगारात गेली तर वितळून तिचं काय बनेल यावर नियंत्रण राहत नाही. चारीत टाकली तर उरलेलं औषध खालच्या रानाच्या आणि विहिरीच्या पाण्यात उतरतं.

जगभर मान्य असलेली पद्धत तीन वेळा धुण्याची आहे. बाटली फवारणीच्या वेळीच रिकामी करावी, तिच्यात पाव भाग पाणी घ्यावं, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवावं आणि ते पाणी पंपाच्या टाकीतच ओतावं. असं तीनदा. औषध वाया जात नाही, ओढ्यात जात नाही आणि बाटलीतला अंश खूपच कमी होतो. मग बुडाला भोक पाडायचं, म्हणजे तिचा पुन्हा वापर होणार नाही. औषध बाटलीत वाळल्यावर धुण्याचा फारसा उपयोग नसतो. हे काम हातमोजे घालून मोठ्या माणसानेच करावं.

कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही रिकामी वेष्टनं पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून ती उघड्यावर टाकू नयेत, असं बंधन आहे. ब्राझीलने याच्या पुढचं पाऊल २००० साली कायदा करून टाकलं. तिथे शेतकऱ्याने तीनदा धुतलेली बाटली परत करायची असते, ती कुठे द्यायची ते खरेदीच्या बिलावर लिहिलेलं असतं आणि पुढची विल्हेवाट उत्पादकांच्या संस्थेने लावायची असते. २००२ पासून चालू असलेल्या या व्यवस्थेत थेट औषध भरलेल्या प्लास्टिक बाटल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक परत येतात. आपल्याकडे बिलावर असा पत्ता नसतो. त्यामुळे मळ्याने या बाटल्यांचं पोतं वेगळं, कुलूपबंद ठेवायचं आणि कृषी सेवा केंद्र, औषध कंपनीचा प्रतिनिधी, तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे मिळून मागणी लावायची, हाच मार्ग उरतो. एका शेतकऱ्याच्या आठ बाटल्यांसाठी कंपनी हलत नाही. दोनशे बाटल्यांची यादी आणि तीस सह्या असलेला अर्ज टाळणं तिला अवघड जातं.

जबाबदारी नक्की कुणाची?

गावात असा विषय निघाला की "हे पंचायतीचं काम नाही" असं उत्तर मिळतं. कागदावर ते चूक आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मुळे पहिल्यांदाच ग्रामीण भाग या नियमांच्या कक्षेत आला. त्यात ग्रामपंचायतीने स्वतः किंवा एखाद्या संस्थेमार्फत प्लास्टिक वेगळं करून गोळा करणं, साठवणं, पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत पोहोचवणं आणि ते उघड्यावर जाळलं जाणार नाही हे पाहणं अपेक्षित आहे. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली होती. बांधावरच्या धुराबद्दल कुणाला असा दंड बसतो, हे क्वचितच ऐकू येतं.

पैशाचीही तरतूद होती. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यात प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र उभारण्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधी ठेवला गेला. घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये, असा दर होता. रक्कम मोठी नाही, पण शेड, वजनकाटा आणि गाठी बांधायचं यंत्र एवढ्यासाठी ती कमीही नाही. असं केंद्र आपल्या तालुक्यात कुठे आहे, ते काय घेतं आणि त्याची गाडी मळ्यापर्यंत येते का, हे प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारता येतात. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात.

दुसरी बाजू कंपन्यांची. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्लास्टिक वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांवर तेवढ्या प्लास्टिकची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. कडक डबे, पातळ पिशव्या आणि अनेक थरांची पाकिटं असे त्यात वेगवेगळे गट केले आहेत. कंपन्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून त्याची प्रमाणपत्रं घेतात. म्हणजे चकचकीत पाकिटांना बाजारभाव नसला तरी प्रमाणपत्रामुळे कुणालातरी ती हवी असतात. हे "कुणीतरी" शहराजवळ असतं आणि गाठी बांधलेला माल मागतं, एवढीच अडचण.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत १०६ प्रकारची उपकरणं येतात. बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत. या वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हव्यात. गावात मात्र केबल जाळून तांबं काढणं अजून चालतं. पीव्हीसीचं आवरण जळताना आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडतात.

पुण्यात काय घडलं

शेजाऱ्यांनी ठरलेल्या दिवशी नको असलेल्या वस्तू आणून द्यायच्या, ही पद्धत या तालुक्यांना सर्वात जवळची म्हणून पाहायची तर पुण्यात दिसते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. बाबा आढाव यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्यामागे उभे राहिले. याच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. रोजच्या फेरीत न बसणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे जुने कपडे, गाद्या, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांच्यासाठी, 'स्वच्छ'ने 'व्ही-कलेक्ट' नावाने वेगळी संकलनं सुरू केली. 'पूर्णम इकोव्हिजन' या पुण्यातल्या संस्थेने 'ई-यंत्रण' नावाने शहरभर ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा घेतल्या. सोसायट्या आणि शाळा या त्यांच्या संकलनाच्या जागा, स्वयंसेवक त्याच परिसरातले.

या कामातून दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एक, गोळा करण्याचा दिवस ठरण्याआधी माल कुठे जाणार हे ठरलेलं असतं. दोन, कचऱ्यावर पोट असणाऱ्या माणसांना बाजूला सारून ही व्यवस्था उभी राहिलेली नाही, 'स्वच्छ' तर त्यांच्याच मालकीची आहे. गावाकडे हा मुद्दा भंगारवाल्याला लागू पडतो. सायकल किंवा टेम्पोवरून मळ्यात येणारा फेरीवाला हा तालुक्यातला सर्वात जुना पुनर्प्रक्रिया-साखळीवाला आहे. मंडळाने चांगलं भंगार स्वतः विकायला घेतलं तर त्याचं पोट मारलं जातं आणि वाईट भंगार तरीही पडूनच राहतं. त्यालाच या कामात घेतलेलं बरं. कोणता माल कुठल्या वखारीत चालतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

पुण्याचा कित्ता जसाच्या तसा गिरवता मात्र येणार नाही. तिथे चौरस किलोमीटरमध्ये हजारो घरं असतात. मळ्यात दोन घरांमध्ये एकरभर ऊस असतो.

विखुरलेल्या वस्तीसाठी केरळचं उदाहरण अधिक उपयोगी आहे. तिथल्या ग्रामपंचायतींमध्ये बचत गटांतल्या महिलांची 'हरित कर्म सेना' दर महिन्याला घरोघर जाऊन स्वच्छ, कोरडं प्लास्टिक घेते आणि त्यासाठी घराकडून ठरलेलं शुल्क आकारते. बाकीच्या वस्तूंसाठी वर्षाचं कॅलेंडर असतं: एखाद्या महिन्यात ई-कचरा, एखाद्यात काच, एखाद्यात चपला आणि पिशव्या. एका वेळी एकच वस्तू असल्यामुळे वेगळं करण्याचं काम उरत नाही आणि गाडी एकाच ठिकाणी जाते. जपानमधल्या कामिकात्सु या जेमतेम दीड हजार वस्तीच्या डोंगरी गावात तर कचरागाडीच नाही. लोक स्वतः केंद्रावर येऊन चाळीसहून अधिक प्रकारांत वस्तू वेगळ्या ठेवतात. इतके प्रकार ऐकून दडपायला होतं, पण तिथेही सुरुवात थोड्या प्रकारांनी झाली.

मळ्यात सुरुवात कशी करायची

एक मळा, म्हणजे भावकीतली आणि शेजारची वीस ते पन्नास घरं, हे योग्य माप आहे. सगळ्या गावाची समिती नेमली की त्यात पुढच्या निवडणुकीचं राजकारण शिरतं. पुढाकार बचत गट, दूध संस्था किंवा तरुण मंडळाने घ्यावा. मंडळाकडे मांडव ठेवायची कोरडी खोली आणि ट्रॅक्टर असणारी पोरं असतात, बचत गटाकडे हिशेबाची वही आणि ती नीट लिहिण्याची सवय. दोघं मिळून केलं तर उत्तम.

माल गोळा करण्याआधी घेणाऱ्याला फोन करावा आणि चार गोष्टी विचाराव्यात. नेमका कोणता माल चालतो? धुतलेला हवा का, कितपत मातीचा चालतो? कमीत कमी किती किलो झाल्यावर गाडी येईल किंवा पोहोचवावा लागेल? आणि पैसे कोण कुणाला देणार? शेवटच्या प्रश्नाला लाजायचं कारण नाही. काही मालाचे पैसे मिळतात, काही फुकट जातो, काहींच्या वाहतुकीचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो. शक्यतो नमुन्याचं एक पोतं आधी पाठवावं. फोनवर "सगळं चालेल" म्हणणारे लोक पोतं पाहिल्यावर वेगळं बोलतात.

पहिल्यांदा एकच वस्तू निवडावी, आणि ती दुधाच्या पिशव्या असाव्यात. त्या प्रत्येक घरात असतात, धुवायला सोप्या आहेत आणि त्यांना मागणी आहे. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, तो बारीक तुकडा नेमका हरवतो. सहा महिन्यांनी ही सवय पक्की झाली की दुसरी वस्तू घ्यावी. घरात आणि शेतात मिळून पाच-सहा वस्तूंपलीकडे जाण्याची घाई नको.

गोळा करण्याचा दिवस महिन्याचा ठरलेला असावा आणि वेळ दूध घालायला येण्याची असावी, कारण त्या वेळी प्रत्येक घरातलं माणूस तसंही येतं. वजन, घर आणि तारीख वहीत लिहावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या संध्याकाळी आठवण द्यावी. ओला, खरकटा माल त्याच वेळी परत द्यावा, फॅट न लागलेलं दूध परत देतात तसा. एकदा घेतला की पुढच्या वेळी सगळेच तसा आणतात. खरकट्याने पोत्याला वास येतो, वासाला कुत्री येतात, आणि जुन्नरसारख्या बिबट्याच्या मुलखात घराजवळ कुत्री जमवणं शहाणपणाचं नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला होता.

वाहतुकीचा प्रश्न सर्वांत जड आहे, जरी माल हलका असला तरी. सुटं प्लास्टिक भरल्यावर टेम्पो वजनाने नव्हे, आकाराने भरतो. एक टनाच्या गाडीत दोन-तीन क्विंटलच मावतो आणि भाडं मात्र पूर्ण गाडीचं लागतं. म्हणून दाबून गाठी बांधणं गरजेचं. यंत्र नसेल तर पेपर घट्ट गुंडाळून सुतळीने बांधणं आणि पिशव्या पोत्यात पायाने दाबणं एवढंही बरंच काम करतं. दुसरी युक्ती परतीच्या गाड्यांची. किराणा, खत, पशुखाद्य घेऊन पुण्याकडून आलेल्या गाड्या माल उतरवून बऱ्याचदा रिकाम्या जातात. दुकानदाराच्या ओळखीने त्यांचं भाडं निम्म्यावर ठरू शकतं.

मग पैशाचा हिशेब. पिशव्या आणि नळ्या विकून आलेले पैसे घरटी वाटले तर हातात चहाचे पैसेही येत नाहीत. तेच एकत्र ठेवले तर त्यातून पाकिटांची आणि ई-कचऱ्याची वाहतूक निघते. चांगल्या मालाने वाईट मालाचं भाडं भरायचं, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरवून वहीत लिहावा. नंतर तो मान्य करून घेणं कठीण जातं.

कुठे फसतं

बहुतेक प्रयत्न उत्साह संपल्यामुळे नव्हे, साठा वाढल्यामुळे बंद पडतात. घेणारा महिनाभर लांबतो, खोली भरते, पोती बाहेर येतात, पाऊस लागतो आणि मग एके दिवशी कुणीतरी तो ढीग पेटवतो. गावाची समजूत होते की "शेवटी जाळायचंच होतं". खोली भरली की गोळा करणं थांबवायचं आणि तसं ग्रुपवर सांगायचं, एवढी शिस्त असली तर हे टळतं. साठा चुलीपासून, विजेच्या मीटरपासून आणि वैरणीच्या गंजीपासून लांब हवा. प्लास्टिकची आग पाण्याच्या बादलीने विझत नाही.

दुसरी अडचण कामाच्या वाटणीची. धुणं, वाळवणं, निवडणं हे घराघरांत बायकांच्या अंगावर पडतं, आणि सत्काराच्या फोटोत पुढे पुरुष असतात. निवडण्याच्या कामाला तासाप्रमाणे काहीतरी मेहनताना ठेवला तर व्यवस्था टिकते. केरळमध्ये ती टिकण्याचं कारण सेवाभावापेक्षा शुल्क आणि मिळकत हे अधिक आहे.

ट्यूबलाइट आणि सीएफएल बल्ब लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. त्यांत पारा असतो. फुटू न देता मूळच्या पुठ्ठ्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उभे ठेवावेत. फुगलेली मोबाइलची बॅटरी इतर ई-कचऱ्यात मिसळू नये, ती वाळूच्या डब्यात वेगळी ठेवावी. तिने पेट घेण्याची भीती असते. शाळांमधून ई-कचरा मोहीम घेताना हे विशेष पाहावं लागतं.

ज्याला अजून घेणारा नाही

काही वस्तूंना सध्या या भागातून जाण्याची खात्रीची वाट नाही. फोम आणि रेक्झिन चिकटवलेल्या चपला, कापसाच्या जुन्या गाद्या, फायबरचे पत्रे, डायपर आणि सॅनिटरी पॅड त्यात येतात. मातीने पूर्ण माखलेला, चिंध्या झालेला मल्चिंग पेपरही त्यातच. संकलनात या वस्तू घेतल्या तर त्या खोलीत अडकून बाकीच्या मालाची जागा खातात, म्हणून यादीत त्या "घेत नाही" असं स्पष्ट लिहावं. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, लाल ठिपका करून घंटागाडीकडे वेगळे देण्याची पद्धत पुण्यातून सुरू झाली. गाडी येत असेल तिथे ती पाळता येते. गादीतला कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हा भरून घेता येतो, जिथे पिंजारी अजून फिरतो तिथे. फाटक्या सुती कपड्यांना गॅरेज आणि प्रेसमध्ये पुसण्यासाठी मागणी असते. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांना ती नाही, पण नर्सरी आणि द्राक्षबागांमध्ये सावलीसाठी, डाळिंबाची झाडं झाकण्यासाठी त्या आधीपासून वापरल्या जातात, आणि गावोगाव फिरणारे विक्रेते जुन्या साड्या किलोवर याचसाठी विकत घेतात.